नजरेचा तास

आमच्या जुन्या शाळेची स्मरणिका निघणार आहे. इंग्रजीच्या सरांवर मी लिहावं असं ठरलं, कारण त्यांच्या शेजारच्या खोलीत राहिलेला माणूस म्हणून आता मीच उरलो आहे. हे सांगायला गोंदियाजवळ कुडव्याला माझ्या घरी जो आला, तो गावच्या पाटलांचा नातू. त्याचं खताचं दुकान आहे आणि शाळेच्या कमिटीवर आजोबांच्या जागी आता तो बसतो. चहा संपल्यावर तो म्हणाला, "लिहा जी सरजी, मस्त लिहा. पण फोटो त्यायचा गॉगलवालाच द्या. बिना गॉगलचा छापला तं बाया अंक घरात ठेवू देणार नाहीत."

मी विचारलं, काऊन?

तो हसला. "काऊन म्हणता? मलेच तं लागली होती त्यायची नजर. आजीनं उतरवली म्हणून वाचलो. नाही तं तुमच्या घरचा हा चहा कोन पेला असता?"

त्या वेळी तो दीडेक वर्षाचा होता. त्याला स्वतःचं काही आठवत नाही, घरात ऐकलं तेच त्याला आठवण वाटतं. मला मात्र आठवतं, मी त्या घरात होतो. तरी मी नुसता उठलो. फाटकापर्यंत त्याला सोडायला गेलो. त्याच्या मोटारसायकलच्या हँडलला लिंबू आणि मिरच्या बांधल्या होत्या. त्या मिरच्यांकडे मला बघवेना.

सर भंडाऱ्याकडचे. बायको आणि मुलगा तिकडेच, गावी. आमचं गाव नवेगाव बांधच्या तलावापासून थोडं आत, इटियाडोह धरणाच्या कालव्यावर. शाळेनं मास्तरांसाठी भाड्यानं घेतलेल्या खोल्यांची एक ओळ होती. एका खोलीत सर, पलीकडच्या खोलीत मी आणि माझी बायको, मध्ये विटांची एक भिंत आणि पुढे सामाईक ओसरी. मी विज्ञान शिकवायचो. नोकरी कायम व्हायची होती.

सरांचे डोळे साधेच होते, थोडे मोठे इतकंच. पण त्यांची पापणी लवकर हलायची नाही, आणि ते बोलताना माणसाच्या डोळ्यांतून नजर काढायचे नाहीत. बाजारात वांगी घेताना वांग्यांकडे बघायचे नाहीत, वांगीवालीकडे बघायचे. ती बिचारी वजनापेक्षा जास्त टाकून मोकळी व्हायची. चहाच्या टपरीवर त्यांच्या समोरचं बाकडं कायम रिकामं. सकाळी ओसरीच्या खांबाला आरसा टांगून दाढी करायचे आणि दाढी झाल्यावरही तिथेच उभे राहायचे, आरशात स्वतःकडे टक लावून. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "आधी स्वतःला हरवता आलं पाहिजे."

इंग्रजीत नजरेवर जेवढे वाक्प्रचार आहेत तेवढे त्यांनी गोळा केले होते. कुठे लिहून ठेवले नव्हते, सगळे तोंडपाठ. शुक्रवारचा शेवटचा तास त्यांनी याच कामाला दिला होता, आणि पोरं त्याला नजरेचा तास म्हणायची. सर म्हणायचे, "आपल्याकडं नजर नुसती लागते. इंग्रजाकडं ती फेकतात, रोखतात, आरपार घालतात, तिनं माणसाला खाली बघायला लावतात. कामाची वस्तू आहे ती." मग अर्थ सांगण्याऐवजी ते करून दाखवायचे.

'लुक डॅगर्स' शिकवताना त्यांनी खडू खाली ठेवला, एक पोरगा निवडला आणि डोळ्यांनी सुऱ्या फेकाव्या तसं त्याच्याकडे पाहिलं. पोरानं कंपासपेटी तोंडापुढे धरली. वर्ग हसला, पण हसून झाल्यावर पुढच्या बाकांवरची पोरं मागे सरकून बसली. 'इफ लुक्स कुड किल', नजरेनं जीव घेता आला असता तर, हे शिकवताना ते बजावून म्हणाले होते, तिथे 'जर' आहे, विसरू नका. पण पोरांनी घरी जाऊन दाखवली ती सरांची नजर. 'जर' शाळेतच राहिला.

मला सगळ्यात भीती वाटली ती 'लुक राइट थ्रू'ची. माझ्या आणि त्यांच्या वर्गामध्ये नुसता बांबूचा ताट्या, विणलेला आडोसा होता, फटीतून सगळं दिसायचं. सरांनी दुसऱ्या बाकावरच्या एका मुलाकडे असं पाहायला सुरुवात केली की जणू बाक रिकामा आहे. त्याच्यातून आरपार, मागच्या भिंतीकडे. त्यानं हात वर केला, सरांना दिसला नाही. तो उभा राहिला, सरांची नजर त्याच्यातून जाऊन खिडकीवर थांबली. आजूबाजूच्या पोरांना खेळ कळला आणि तीही तसंच बघू लागली. शेवटी तो पोरगा रडवेला होऊन म्हणाला, "सर, मी आहो नं?"

सर त्याच्याजवळ गेले, डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "आहेस. पण पाहिलंस? नजरेनं माणूस पुसून टाकता येतो. मोठी माणसं तुझ्याकडं असंच बघतील. तेव्हा खाली बघू नकोस. तू त्यांना दिसेपर्यंत बघत राहा."

हे सगळं कशासाठी, हे त्यांनी मला ओसरीवर सांगितलं होतं. तरुणपणी ते नागपूरला एका मुलाखतीला गेले होते. आमच्या भागात लेकराला पहिली शिकवण तीच, मोठ्यापुढे खाली बघून बोल. तसे ते बोलले, सगळी उत्तरं बरोबर दिली आणि नोकरी हुकली. "समोर बसलेल्या माणसांचे जोडे मी आजही ओळखेन," ते म्हणाले. "चेहरे नाही ओळखणार. मी जमिनीशी बोलत होतो, आणि जमिनीला नोकरी देता येत नाही." धानाच्या बांधीत वाकून वाढलेली ही पोरं तरी ताठ बघायला शिकावी, एवढाच त्यांचा हट्ट होता.

माझी कायम होण्याची मुलाखत दिवाळीनंतर कमिटीपुढे व्हायची होती. सरांनी माझी तयारी अंगावर घेतली. रोज संध्याकाळी ओसरीवर समोरासमोर बसायचं आणि जो आधी नजर काढेल तो हरला. मी रोज हरायचो. त्या डोळ्यांत बघताना मला विहिरीत वाकल्यासारखं वाटायचं. ते समजावून सांगायचे, "घाबरता कायले? खरं बोलणाऱ्याला डोळ्यात बघायला भीती नसते. जीभ कुठंही वळते, डोळे वळत नाहीत. डोळ्यात बघून माणसाला खोटं बोलता येत नाही." हे त्यांचं आवडतं वाक्य. यावर त्यांचा विश्वास होता, दुसऱ्या कोणाचा देवावर असतो तसा. पावसाळा अर्धा झाला तोवर मी बऱ्यापैकी टिकायला लागलो होतो.

गावात मात्र भीती धरू लागली होती. ते रस्त्यानं निघाले की बाया लेकरांच्या तोंडावर पदर ओढायच्या. सकाळी ते बांधाबांधानं फिरायला जात आणि कुठेही थांबून बघत उभे राहत. पाटलांच्या वाफ्यातले पऱ्हे, म्हणजे रोवणीसाठी टाकलेली धानाची रोपं, त्या वर्षी पिवळी पडली. वाफ्यात पाणी तुंबलं होतं, पण बोट सरांकडे गेलं. रोवणी करणाऱ्या बाया ते येताना दिसले की पाठ करून उभ्या राहत. सरांना वाटे, लाजतात.

माझी बायको पहिलटकरीण होती. सर तिच्याशी "वहिनी" म्हणून बोलत आणि बोलताना अर्थातच तिच्याकडे बघत. तिनं दार लोटून घ्यायला सुरुवात केली. मला म्हणाली, "त्यायले सांगा, बोलायचं तं बोला, पाहू नका म्हणावं." मी आठवीला शिकवत होतो की डोळ्यातून बाहेर काहीच पडत नाही, प्रकाश आत येतो म्हणून दिसतं. तरी तिच्या आईनं उशाखाली ठेवलेला बिबा मी काढला नाही. एकदा तो घसरून खाली पडला होता. मी उचलून परत ठेवला, आणि नीट ठेवला.

स्वातंत्र्यदिनाच्या कार्यक्रमाला पाटील पाहुणे होते, मांडीवर नातू. सरांनी भाषणात एक वाक्प्रचार घेतला, 'अ कॅट मे लुक ॲट अ किंग'. मांजरीनंही राजाकडे बघायला हरकत नाही, असा त्याचा अर्थ सांगितला आणि सांगताना पाटलांकडे पाहिलं. पाटलांनी खुर्चीतूनच विचारलं, "मांजर कोन जी यात?" सर म्हणाले, "मी जी." मंडप हसला. पाटील हसले नाहीत. ते सरांच्या डोळ्यांत बघत होते, आणि सगळ्या गावासमोर आधी त्यांचीच नजर खाली गेली, मांडीवरच्या नातवाकडे. सर खाली उतरले, त्या लेकराजवळ वाकले, त्याच्याकडे टक लावून पाहिलं आणि कौतुकानं म्हणाले, "काय डोळे आहेत याचे."

आमच्याकडे लेकराचं कौतुक असं कोणी करत नाही. केलं तर लगेच थू-थू करायचं असतं. सर तसेच निघून गेले.

दोनचार दिवसांत लेकराला ताप भरला. उतरेना. दूध ओकू लागलं, मान टाकू लागलं. पाटलांचा गडी शाळेत माझ्याकडे आला. पाटलांचा निरोप होता, इंग्रजीच्या मास्तरच्या उजव्या पायाखालची माती घेऊन संध्याकाळी घरी या, आणि त्याले कळू देऊ नका. नजर कोणाची ते पक्कं करायचं तर त्या माणसाच्या पायाची माती लागते. सर पुढे चालत गेल्यावर ओसरीखालच्या ओल्या पाऊलखुणेतून मी चिमूटभर माती उचलली आणि वर्तमानपत्राच्या कपट्यात बांधली. मनात म्हटलं, माती आहे, मातीनं काय होतं? कमिटीत पाटलांचं मत होतं, घरात पोटुशी बायको होती. नाही म्हणायला मला एकही कारण पुरेसं वाटलं नाही.

तिन्हीसांजेला मी गेलो. चुलीपुढे पाटलांची बायको बसली होती. सून लेकराला मांडीवर घेऊन. त्याचे डोळे अर्धे उघडे, पांढरे. पाटील दाराशी पाटावर. मला साक्षीला बसवलं. म्हातारीनं मीठ, मोहरी, सुक्या लाल मिरच्या आणि ती माती मुठीत घेऊन लेकरावरून उतरवली आणि चुलीतल्या विस्तवावर टाकली. याची पारख सगळ्यांना ठाऊक असते. मिरच्या जळताना ठसका लागला, कोणी खोकललं, तर साधं दुखणं आहे. मिरच्या जळूनही कोणाला ठसका लागला नाही, तर नजरच आहे, आणि ज्याची माती त्याची आहे.

मिरच्या तडतडल्या, काळ्या पडल्या, धूर फिरला. मी श्वास घेतला आणि घशात सुया शिरल्यासारखं झालं. डोळ्यांत पाणी आलं. खोकला छातीतून वर येऊन जिभेच्या मुळाशी थांबला होता. आणि तेव्हा मला दिसलं की पाटील विस्तवाकडे बघतच नाहीत. ते आमच्या तोंडांकडे बघत आहेत. आधी बायकोच्या, मग सुनेच्या, मग माझ्या. सुऱ्या फेकणारी नजर म्हणजे काय ते सरांनी वर्गात दाखवलं होतं, पण ते नाटक होतं हे मला त्या घरात कळलं. मी दात आवळले. नखं तळव्यात रुतवली.

"आला कोनाले ठसका?" पाटलांनी विचारलं.

कोणी बोललं नाही.

"गुरुजी, तुमाले?"

मी मान हलवली. तोंड उघडलं असतं तर खोकला बाहेर पडला असता. माझ्या डोळ्यांतलं पाणी बघून म्हातारी म्हणाली, मास्तरचा जीव कसा तुटून राहिला पहा. बाहेर आलो, कालव्यापर्यंत धावत गेलो आणि तिथे वाकून खोकलो. ओकारी येईपर्यंत खोकलो. घरी गेल्यावर भिंतीपलीकडून सरांनी विचारलं, "सर्दी झाली का हो?"

पुढचा दिवस उजाडला तोवर गावाला सगळं माहीत होतं. वर्गात निम्मी पोरं नव्हती. दुपारी पाटील दहाबारा माणसं घेऊन शाळेच्या आवारात आले. काहींच्या हातात काठ्या होत्या. अशा संशयावरून माणसाचं काय होतं हे आमच्या भागात सगळ्यांनी ऐकलेलं आहे. हेडमास्तर ऑफिसच्या दाराआड उभे राहिले. सर एकटे आवाराच्या मध्ये आले, हाताला खडू लागलेला. पाटील म्हणाले, "मास्तर, डोळ्यायले झाकन घाला, नाही तं गाव सोडा. लेकराले काही झालं तं मंग आमी जबाबदार नाही."

सरांनी आधी लेकराचं विचारलं, ताप किती, दूध घेतो का. मग म्हणाले, "मिरच्या राहू द्या पाटील. त्याला आजच गोंदियाला न्या, मोठ्या डॉक्टरकडं. काठ्या काय, उद्याही आणता येतील." दुसऱ्या दिवशी सकाळी पाटलांची जीप गोंदियाला गेली. लेकराला विषमज्वर निघाला, औषधानं तो उतरला. हे कोणी कधी सरांच्या खात्यावर मांडलं नाही. श्रेय मिरच्यांना गेलं. म्हणून इथे लिहितो.

पण ते नंतरचं. आवारात तेव्हा कोणीतरी मागून ओरडलं, मिरच्या जळल्या, कोनाले ठसका नाही आला, आता अजून काय पुरावा पाहिजे? सर वळले. गर्दीत मी कुठे आहे ते त्यांनी शोधलं. त्यांना हायसं वाटलेलं मला दिसलं. "हे होते ना तिथं," ते म्हणाले. "विज्ञानाचे आहेत. हे सांगतील." आणि माझ्याजवळ येऊन रोजच्यासारखे माझ्या डोळ्यांत बघत उभे राहिले. "सांगा. ठसका आला होता?"

पाटील माझ्याकडे बघत होते. काठ्यावाली माणसं बघत होती. मी सरांच्या डोळ्यांत बघितलं. पापणी हलू दिली नाही. त्यांनीच शिकवलं होतं तसं.

"नाही आला, सर."

ते बघत राहिले. मीही बघत राहिलो. मला वाटलं आता ते म्हणतील, खोटं. मला ते हवंही होतं. पण हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरत गेलं. डोळ्यात बघून माणसाला खोटं बोलता येत नाही, हे त्यांनी माझ्यासमोर शंभर वेळा म्हटलेलं होतं. त्यांची नजर खाली गेली, माझ्या पायांकडे. आमच्या त्या खेळात ते पहिल्यांदाच हरले.

"मग असेल," ते म्हणाले.

एवढंच म्हणाले. पाटलांची माणसं निघून गेली. त्यांना जे हवं होतं त्याहून जास्त मिळालं होतं.

रविवारी ते अर्जुनीच्या बाजारातून काळा गॉगल घेऊन आले. गावाला वाटलं, मास्तर भ्याला. भीती त्यांना होतीच, पण ती गावाची नव्हती. आरसा त्यांनी खांबावरून काढला आणि भिंतीकडे तोंड करून ठेवला. फिरायला जाणं बंद केलं. ओसरीवर माझ्या बायकोची चाहूल लागली की चटकन आत जायचे. एकदा भिंतीपलीकडून म्हणाले, "वहिनींना सांगा, पाणी भरायच्या वेळी मी आत असतो. काळजी करू नका." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मी सुटलो असतो.

वर्गात गॉगल लावून शिकवत. पोरं परत येऊ लागली, आता तर जास्तच शांत बसत. नजरेचा तास त्यांनी बंद केला, त्याआधी एकच झाला. 'टर्न अ ब्लाइंड आय', दिसत असून आंधळं होणं. फळ्याकडे तोंड करून ते म्हणाले, "हा करून दाखवायला मला आता सोपा झाला आहे." ताट्यापलीकडे मी खडू हातात घेऊन उभा होतो. ते मला ऐकवायला म्हणाले का? मी इतकी वर्षं विचार करतो आहे. तसं म्हणाले असते, तर त्यांना खरं माहीत होतं असं झालं असतं आणि माझं ओझं निम्मं झालं असतं. पण मला तसं वाटत नाही.

माझी मुलाखत झाली. मी पाटलांच्या डोळ्यांत बघून उत्तरं दिली आणि कायम झालो. थंडीत मुलगी झाली. बारशाच्या दिवशी सर आमच्या दारात आले, पाठमोरे. गॉगल होताच, तरी पाठमोरे. तसेच मागे सरकत उंबऱ्यापर्यंत आले, हात मागे करून एक झबलं पुढे धरलं आणि म्हणाले, "वहिनी, आधी धुवून घ्या, मग घाला." बायकोनं ते घेतलं. ती त्यांच्या पाठीकडे बघत रडली, पण मुलीला दाखवायला पुढे आली नाही. मीही ये म्हणालो नाही. अजूनही काहीतरी म्हणता आलं असतं. मी त्यांना चहा विचारला.

उन्हाळ्याच्या सुट्टीला ते गेले ते आलेच नाहीत. बदली मागून घेतली होती.

पुढे बऱ्याच वर्षांनी साकोलीला एका लग्नात त्यांचा मुलगा भेटला. सहज बोलता बोलता म्हणाला, बाबा घरातही गॉगल काढत नाहीत. नातवाला मांडीवर घेतात. तो गॉगल ओढतो तेव्हा बाबा डोळे गच्च मिटून घेतात. पोराला वाटतं आजोबा खेळून राहिले, तो हसतो आणि पुन्हा ओढतो. मुलगाही सांगताना हसत होता. सर तेव्हा जिवंत होते. त्या लग्नमंडपापासून त्यांचं गाव एका बसचं अंतर. मी जेवून गोंदियाची गाडी पकडली.

गेल्या साली ते वारले.

हे सगळं छापण्याआधी ज्याचं त्याला सांगावं म्हणून मी मागच्या आठवड्यात गावी जाऊन आलो. पाटील आणि पाटलीणबाई केव्हाच गेले. नातू होता आणि त्याची आई, जिच्या मांडीवर त्या संध्याकाळी तो होता. चुलीच्या जागी आता गॅस आहे. मी बसलो आणि आडवळण न घेता सांगितलं, त्या दिवशी मिरच्यांना ठसका होता. मला आला होता. मी दाबला.

त्याच्या आईनं पदर सारखा केला, खाली बघत म्हणाली, "मलेही आला होता जी गुरुजी. याच्या अंगावरची चादर मीनं तोंडात कोंबली होती."

"मंग बोलली काऊन नाही, माय?" नातवानं विचारलं.

"मामाजीच्या पुढं खोकलायचं?" ती म्हणाली. "आत्याबाईही तोंड फिरवून बसल्या होत्या. त्यायच्या डोळ्यातूनही धार लागली होती. थो म्हातारा सगळ्यायच्या तोंडाकडं पाहून राहिला होता."

मला वाटलं होतं, दुसऱ्या कोणी असं म्हटलं तर हलकं वाटेल. वाटलं नाही. सरांनी दुसऱ्या कोणाला विचारलं नव्हतं.

मी पिशवीतून फोटो काढून टेबलावर ठेवला. शाळेच्या कर्मचाऱ्यांचा, सर आले त्या पहिल्या वर्षीचा. आम्ही सगळे खाली किंवा भलतीकडे बघतो आहोत, सर सरळ कॅमेऱ्यात. नातवाची मुलगी, नुकती चालायला लागलेली, टेबल धरून उभी होती. तिनं फोटो ओढला. तिच्या आजीचा हात लेकराच्या डोळ्यांवर जायला निघाला आणि मध्येच थांबला. नातूही उठायला झाला होता, तो अर्धा उठलेलाच राहिला. आणि मी, डोळ्यातून काही बाहेर पडत नाही हे आयुष्यभर शिकवलेला माणूस, माझाही हात फोटोकडे गेला होता.

ती दोन्ही हातांत फोटो धरून बघत होती. पापणी न हलवता, तोंड उघडं टाकून, बराच वेळ. लाळ फोटोवर पडली. सरांकडे इतकं सरळ बघताना मी कोणाला पाहिलं नव्हतं. तिच्यापुढे सर हरले असते, आणि खूश झाले असते.

नातवानं तिच्या हातातून फोटो सोडवला, शर्टाच्या बाहीनं पुसला आणि काही क्षण स्वतः त्याच्याकडे बघत राहिला.

"हाच छापू जी," तो म्हणाला.